मिशनऱ्याचे घर कोणी वाचायचे?

आपल्या साहित्य विभागांतून आफ्रिकेविषयी जे थोडेफार शिकवले जाते, त्यात मिशनऱ्याची आकृती ठरून गेलेली आहे. चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) अभ्यासक्रमात असते. कुठे कुठे बार्बरा किंगसॉल्व्हर यांची ‘द पॉयझनवुड बायबल’ (१९९८) वाचली जाते. प्रश्नपत्रिकेत मिशनऱ्यावर एक प्रश्न हमखास येतो आणि त्याचे उत्तर प्रश्नाआधीच तयार असते: आधी धर्मग्रंथ आला, मागून व्यापारी आला, त्याच्यामागून सैनिक आला. विद्यार्थी हे लिहितो, शिक्षक त्यावर खूण करतो, दोघेही समाधानी होतात. हे उत्तर खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. ते पुस्तक उघडण्याआधीच सिद्ध असते आणि पुस्तक मिटल्यावरही त्यात काडीचा फरक पडलेला नसतो, ही आमची तक्रार आहे.

याच्या विरुद्ध टोकाला जुनी चरित्रे आहेत. रविवारच्या शाळेत बक्षीस म्हणून वाटल्या जाणाऱ्या त्या पुस्तकांत डेव्हिड लिव्हिंग्स्टनवर सिंह झडप घालतो, तो तापाने फणफणतो, महान धबधबा पाहतो आणि शेवटी गुडघे टेकून प्रार्थना करता करता प्राण सोडतो. भक्त आणि टीकाकार यांचे वरवर काहीच जमत नाही. पण एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. दोघांच्याही चित्रात घर नाही. भाकरी कोण भाजत होते, पाणी कुठून येत होते, कपडे कशाने धुतले जात होते, मुले कोण सांभाळत होते, हे प्रश्न दोघांनाही क्षुल्लक वाटतात. आमच्या मते ते क्षुल्लक नाहीत. मिशनचा खरा मजकूर त्या घरातच लिहिला गेला आहे आणि तो न वाचता दिलेला निवाडा, अनुकूल असो वा प्रतिकूल, उसना आहे.

एक ठोस उदाहरण घेऊ. लिव्हिंग्स्टन कुटुंब १८४७ ते १८५२ या काळात कोलोबेंग येथे, म्हणजे आजच्या बोत्स्वानात, बक्वेना लोकांमध्ये राहत होते. लिव्हिंग्स्टनच्या १८५७ सालच्या प्रवासग्रंथात तिथल्या दिवसाचे वर्णन आहे, आणि सिंहाच्या प्रसंगापेक्षा ते कितीतरी अधिक बोलके आहे. पहाटे उठणे, सहा-सातच्या सुमारास कौटुंबिक उपासना, त्यानंतर अकरापर्यंत शाळा. शाळेत पुरुष, बाया, मुले सगळीच येत. मग मेरी लिव्हिंग्स्टन घरकामाला लागे आणि नवरा लोहारकाम, सुतारकाम, बागकाम यांपैकी जे निघेल ते करी. दुपारच्या जेवणानंतर तासभर विश्रांती, आणि पुन्हा मेरीची बालशाळा. तिथे पोरांची संख्या शंभरापर्यंत जाई. एखाद्या दिवशी तिच्याऐवजी मुलींचा शिवणवर्ग असे.

या वेळापत्रकात जे ‘घरकाम’ म्हणून एका शब्दात आटोपले जाते, त्याचा तपशील पाहावा. धान्य घरीच दळायचे. वारुळ पोखरून त्याची भट्टी करायची, तोंडावर दगडी चीप लावायची आणि पाव भाजायचा. बरणीत दूध घुसळून लोणी काढायचे, साच्यात मेणबत्त्या ओतायच्या. साबणही घरीच करायचा. तिकडच्या लाकडाच्या राखेत क्षार इतका कमी की चरबीचा साबण व्हायला महिना-दीड महिना पुन्हा पुन्हा उकळत बसावे लागे. साबणाची वडी पडेपर्यंत ज्या बाईची चूल दीड महिना अडकून राहते, तिच्या कामाला प्रवासवर्णनात दोन ओळी मिळतात. समीक्षेत त्याही मिळत नाहीत.

आता कुरुमान. मेरी लिव्हिंग्स्टनचे आईवडील रॉबर्ट आणि मेरी मोफॅट यांचे हे ठाणे आजच्या दक्षिण आफ्रिकेत आहे. रॉबर्ट मोफॅट मूळचा माळी. १८२४ पासून कुरुमान हे त्यांचे घर होते, १८७० मध्ये मायदेशी परतेपर्यंत. त्यांना दहा मुले झाली; त्यांतली सात मोठी झाली. या मेरी मोफॅटने इंग्लंडातल्या आप्तांना कळवलेली एक गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. घरातल्या जमिनी आठवड्यातून एकदा तरी शेणाने सारवाव्या लागतात, असे तिने लिहिले आहे. आधी तिने ते टाळून पाहिले. पण धूळ बसवायला आणि पिसवा मारायला याहून चांगला उपाय नाही हे तिला कळून चुकले, आणि पुढे शेण मिळाले की तिला आनंदच होऊ लागला.

इंग्लंडमधल्या वाचकाला हे विचित्र वाटले असेल. ज्यांच्या आज्या-पणज्या सणावाराला पहाटे उठून ओटी-पडवी सारवत, त्यांना यात विचित्र काही नाही. पण आपले सिद्धांतवादी वाचन इथे अडखळते. सुधारणा ही युरोपाकडून आफ्रिकेकडे वाहते, मिशनरी देतो आणि स्थानिक घेतो किंवा झिडकारतो, एवढाच व्यवहार त्या वाचनाला ठाऊक आहे. मोफॅटबाई तिथल्या रीतीने जमीन सारवू लागते, हा व्यवहार उलट दिशेचा आहे, आणि तो कोणत्याही प्रवचनात नोंदला जाण्यासारखा नाही. तो फक्त घरात सापडतो.

यावर एक आक्षेप आम्हांला नेहमी ऐकावा लागतो. साम्राज्याचा इतिहास जमिनीचा आणि बंदुकीचा आहे; साबण आणि शेणसडा यांत रमणे म्हणजे मिशनऱ्याला माणसाळवून त्याचा अपराध सौम्य करणे होय. आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. आमचे उत्तर असे की घरात शिरल्यावर अपराध सौम्य होत नाही. तो नेमका होतो.

पाण्याचेच पाहा. कुरुमानला येण्याआधी, १८२० नंतरच्या अवर्षणाच्या वर्षांत, मिशनऱ्यांनी आपल्या बागेसाठी नदीपासून मैलोगणती लांबीचा पाट खणला होता. त्या पाटाचे पाणी वरच्या अंगाला त्स्वाना बायका आपल्या बागांकडे वळवून घेत. मिशनऱ्यांनी रात्रीबेरात्री जाऊन ते पुन्हा आपल्याकडे वळवावे, असा झगडा चाले. बायकांनी बांधही फोडला. मोफॅटने स्वतः हे लिहून ठेवले आहे, अर्थात आपल्या बाजूने. त्याला त्यात अडाणी लोकांचा त्रास दिसला. आज आपल्याला त्यात पाण्याच्या हक्काचा तंटा दिसतो. तिथे ख्रिस्त आणि पूर्वज समोरासमोर नव्हते, दोन परसबागा होत्या. आणि त्यांतल्या एका बागेमागे शेती करणाऱ्या बायका होत्या.

या बायकांची गोष्ट इथे संपत नाही. त्स्वाना समाजात शेती हे स्त्रियांचे काम होते आणि गुरे पुरुषांची. बायकांनी गुरांना हात लावू नये असा दंडक होता. मिशनऱ्यांनी नांगर आणला. नांगराला बैल लागतात, म्हणून शेती हळूहळू पुरुषांच्या हातात गेली. मिशनऱ्याच्या मनात हे सत्कृत्य होते, कारण त्याच्या देशातल्या आदर्श घरात पुरुष शेतात राबतो आणि स्त्री घरात शिवणटिपण करते. जीन आणि जॉन कोमारॉफ या मानवशास्त्रज्ञ दांपत्याने दक्षिण त्स्वाना आणि तिथल्या मिशनांवर १९९१ आणि १९९७ साली दोन खंड लिहिले. घर, वस्त्र, शेत, पाणी या रोजच्या गोष्टींतूनच वसाहतवाद कसा रुजला, हे त्यांनी सविस्तर दाखवले आहे. साबणाला क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी ते जरूर चाळावेत. ‘बायबल आणि बंदूक’ या जोडशब्दात न मावणारे कितीतरी त्यांत आहे.

घराच्या आकाराचाही प्रश्न होता. बक्वेना लोकांची घरे गोल. चौकोनी घर बांधताना प्रत्येक वीट आणि प्रत्येक काठी आपल्यालाच काटकोनात बसवावी लागली, अशी लिव्हिंग्स्टनची तक्रार आहे. हे वाक्य वाचताना आपण हसतो आणि पुढे जातो. थांबून विचारायला हवे, की चौकोन हीच सरळ रेषेची, शिस्तीची आणि सदाचाराची खूण आहे, हे त्याला कोणी सांगितले होते? शुभवर्तमानात तर घराच्या कोनांविषयी काही आज्ञा नाही.

आणि मग सेचेले. बक्वेनांचा हा राजा एका दिवसात मुळाक्षरे शिकला असे लिव्हिंग्स्टन लिहितो. १८४८ साली त्याचा बाप्तिस्मा झाला. लिव्हिंग्स्टनच्या हातून धर्मात आलेला एकमेव माणूस म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्याला पाच बायका होत्या. बाप्तिस्म्यासाठी त्याने चौघींना नवे कपडे देऊन, यांचा काही दोष नाही असा निरोप देऊन, माहेरी पाठवले. त्या कोण होत्या? सेचेलेच्या पडत्या काळात त्याच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या दुय्यम सरदारांच्या लेकी. त्यांना घालवणे म्हणजे उपकारकर्त्यांशी कृतघ्नपणा होता, आणि लिव्हिंग्स्टनलाही ते जाणवत होते. बाप्तिस्म्याच्या वेळी म्हातारे लोक रडत होते. पुढच्याच वर्षी त्या चौघींपैकी एक सेचेलेपासून गरोदर असल्याचे उघड झाले आणि लिव्हिंग्स्टनने सेचेलेला प्रभुभोजनातून वगळले.

‘एकपत्नीव्रताची सक्ती’ असा मथळा देऊन ही घटना आपण टिपणवहीत उतरवतो. पण माहेरी परत आलेल्या त्या चौघींचे दिवस कसे गेले असतील, हा विचार आपल्या टिपणवहीत येत नाही. दोषाशिवाय परत धाडलेली लेक म्हणजे काय, हे मराठी वाचकाला कोणी शिकवायला नको. आपली निम्मी कादंबरी त्याच दुःखावर उभी आहे.

याच घटनेची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. एक नवरा, एक बायको आणि त्यांची मुले असे घर ज्याने सेचेलेपुढे ईश्वरी आज्ञा म्हणून ठेवले, त्याचे स्वतःचे घर चार वर्षांत मोडले. मेरी लिव्हिंग्स्टन १८२१ साली आफ्रिकेतच जन्मली, कुरुमानला वाढली. सेत्स्वाना ती लहानपणापासून बोलत होती. थोरल्या मुलाच्या नावाने आईला ओळखायचे, या तिथल्या रिवाजाप्रमाणे लोक तिला ‘मा-रॉबर्ट’ म्हणत, आपल्याकडे ‘बंडूची आई’ म्हणतात तसे. नवऱ्याच्या शोधयात्रांत ती गरोदरपणी कालाहारी ओलांडून गेली. १८५० मध्ये तिची एक तान्ही मुलगी दगावली. १८५१ मध्ये पुन्हा दिवस गेलेले असताना तिला आणि मुलांना वाळवंटात नेण्याचा बेत कळला, तेव्हा कुरुमानहून तिच्या आईने जावयाला खरमरीत पत्र लिहिले. जावयाने सासूचे ऐकले नाही. त्या वर्षीचे मूल प्रवासात नदीकाठी जन्मले. १८५२ च्या एप्रिलमध्ये त्याने बायकोला आणि चार मुलांना केपटाउनहून इंग्लंडला पाठवून दिले. मेरीला ते माहेरही नव्हते आणि सासरही नव्हते. जवळजवळ पाच वर्षे तिने तिथे हलाखीत काढली. त्याच वर्षी बोअर लोकांच्या हल्ल्यात कोलोबेंगचे घर लुटले गेले. १८६२ मध्ये ती पुन्हा नवऱ्याकडे, झांबेझीवर गेली आणि तीन महिन्यांत शुपांगा येथे तापाने वारली. त्या नदीवरच्या मोहिमेसाठी १८५८ साली आणलेल्या गळक्या आगबोटीला मात्र ‘मा-रॉबर्ट’ असे नाव दिले गेले होते.

हे सर्व कोणत्याही वसाहतविरोधी पुस्तिकेतून घेतलेले नाही. मिशनऱ्यांच्याच पत्रांतून, रोजनिशांतून आणि चरित्रांतून ते आलेले आहे. ज्यांना अपराध मोजायचा आहे, त्यांना याहून काटेकोर माप कुठे मिळणार?

आता आमचा दुसरा मुद्दा, आणि तो आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘आफ्रिकेतील मिशनरी कुटुंब’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोरे कुटुंब येते. हा आपल्या कल्पनेचा दोष आहे, इतिहासाचा नव्हे. आफ्रिकेच्या खेड्यापाड्यांत ख्रिस्ती धर्म पोचवण्याचे बहुतेक काम आफ्रिकी शिक्षकांनी आणि उपदेशकांनी केले. प्रभुभोजनातून वगळलेला सेचेले लिव्हिंग्स्टन निघून गेल्यावरही आपल्या लोकांत उपासना चालवत आणि शिकवत राहिला. त्याचा ख्रिस्ती धर्म लिव्हिंग्स्टनच्या परवानगीवर अवलंबून राहिला नव्हता.

ज्या कादंबरीवर आपण वर्षानुवर्षे उत्तरे लिहितो, त्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’मध्येच हे आहे. एम्बान्ता गावातला छोटा समुदाय कोण चालवतो? ब्राउन नाही, स्मिथ नाही. कियागा नावाचा इग्बो माणूस चालवतो, आणि अस्पृश्य मानलेल्या ओसूंना आत घेण्याचा निर्णयही तोच रेटतो. महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्याने या प्रसंगावरून भर्रकन पुढे जावे, हे आम्हांला अनाकलनीय वाटते. पुढे ‘नो लाँगर अ‍ॅट ईझ’ (१९६०) मध्ये ओकोन्क्वोचा मुलगा निवृत्त उपदेशक आयझॅक होऊन आपल्याला भेटतो. त्याच्या घरात लिहिलेल्या कागदाविषयी भक्तिभाव आहे, आणि मूर्तीला दाखवलेले अन्न पोटात जाऊ नये म्हणून मुलांना शेजाऱ्यांकडे खायला बंदी आहे. अचेबे यांचे वडील स्वतः चर्च मिशनरी सोसायटीचे शिक्षक आणि उपदेशक होते. आफ्रिकेच्या ग्रामीण भागातले मिशनरी कुटुंब म्हणजे अचेबे यांचे स्वतःचे घर. त्या घरातून बाहेर पडलेल्या लेखकाने मिशनऱ्याचा एकेरी निषेध केला असता तर ते सोपे झाले असते. त्यांनी तसे केले नाही. आपण मात्र त्यांच्या नावावर तो निषेध खपवतो.

याच धाग्याचे एक टोक आपल्या मातीत आहे. १८६४ साली लिव्हिंग्स्टन आपली छोटी आगबोट घेऊन मुंबईला आला. गुलामीतून सुटलेला चुमा हा मुलगा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिला. नाशिकच्या मिशन वसाहतीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले शिकत होती. त्यांतले काही तरुण लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात सामील झाले. १८७३ मध्ये चितांबोच्या गावी त्याचा मृत्यू झाला तेव्हा चुमा आणि सुसी यांच्या पुढाकाराने ते शव समुद्रापर्यंत वाहून नेण्यात आले. त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट नाशिकला शिकलेला होता, आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या दफनाला तो हजर होता. जुन्या चरित्रांत हे लोक ‘विश्वासू सेवक’ असतात. नव्या समीक्षेत ते बहुधा नसतातच. सेवकपणातून सुटका झाली, ती अशी अनुल्लेखाने.

भाषेच्या प्रश्नातही घर येते. मोफॅटने १८५७ पर्यंत संपूर्ण बायबल सेत्स्वानात आणले. हे काम थोर होते. पण त्यात ‘बदिमो’, म्हणजे कुळाचे पूर्वज, हा शब्द भुतांसाठी वापरला गेला. घरातल्या वडीलधाऱ्या पितरांना एका फटक्यात सैतानाच्या गोतावळ्यात ढकलणारे हे भाषांतर होते, असे बोत्स्वानाच्या विदुषी मूसा डुबे यांनी १९९९ साली दाखवले. पण त्यांचा निबंध तिथेच थांबत नाही, आणि तिथेच त्या आपल्याहून वेगळ्या ठरतात. आफ्रिकी स्वतंत्र चर्चमधल्या बायका तेच बायबल कौल लावण्यासाठी वापरतात, त्यातूनच पितरांशी संवाद साधतात, हेही त्या नोंदवतात. भाषांतरकाराने दार बंद केले आणि वाचणाऱ्या बायकांनी खिडकी उघडली. आपली वर्गातली टिपणे फक्त बंद दाराची आहेत.

किंगसॉल्व्हर यांची कादंबरी या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. १९५९ साली बेल्जियन कांगोत गेलेल्या प्राइस कुटुंबाची ही कथा आई आणि चार मुली सांगतात. बापाला, म्हणजे प्रत्यक्ष धर्मोपदेशकाला, निवेदनाचा हक्कच दिलेला नाही. त्याची परीक्षाही परसबागेत होते. मामा ततबा ही स्थानिक बाई मातीचे उंचवटे करून लागवड करायला सांगते. तो ते सपाट करतो. पावसात बी वाहून जाते. एवढे सगळे लेखिकेने समोर ठेवल्यावरही आपल्या प्रश्नपत्रिकेत नेथन प्राइसचे स्वभावचित्र विचारले जाते. मात्र कादंबरीची मर्यादाही सांगितली पाहिजे: मामा ततबालाही निवेदन मिळत नाही. ती आपल्याला गोऱ्या मुलींच्या नजरेतूनच दिसते. हे घरही अर्धेच वाचलेले आहे.

हा सगळा आग्रह मराठीत धरण्याचे आम्हांला विशेष कारण आहे. धर्मांतर आणि घर यांचा संबंध ज्या भाषेने सर्वांत प्रामाणिकपणे लिहिला, तिच्यात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्या पुस्तकात तो बदल उलगडतो तो सोवळ्यातून, पाण्यातून, चुलीतून, ताटातुटीतून. धर्म कुठे बदलतो, असे विचारले तर स्वयंपाकघरात, असे उत्तर देणारे पुस्तक आपल्या मातृभाषेत आहे. आपण ते आवडीने वाचतो, विनोदासाठी नावाजतो, आणि आफ्रिकेकडे वळलो की विसरतो. तिथे मात्र आपल्याला परदेशातून आलेला तयार सिद्धांतच हवा असतो.

आमची मागणी मोठी नाही. मिशनऱ्यावर प्रश्न जरूर विचारावा. पण त्याच्यासोबत चार साधे प्रश्नही विचारावेत. पाणी कोणी भरले? शेत कोणाचे होते आणि पुढे कोणाचे झाले? माहेरी परत कोणाला धाडले? आणि गोरा माणूस निघून गेल्यावर त्या गावात प्रार्थना कोण म्हणत राहिले? या प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्या विद्यार्थ्याला मिशनऱ्याचा निषेध करता येईल किंवा गौरव करता येईल; काहीही केले तरी ते त्याचे स्वतःचे असेल. आजवर आपण त्याला फक्त निकाल दिला, खटल्याची कागदपत्रे कधी दाखवलीच नाहीत.